माशी नेमकी कुठे शिंकली? (ब्रेकिंग बॅड, शेवटापर्यंतचं सगळं फोडलेलं आहे)

काजवा

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. नंतर तक्रार चालणार नाही.

‘ब्रेकिंग बॅड’, मेथ हे ड्रग बनवायला लागलेल्या रसायनशास्त्राच्या मास्तराची अमेरिकन मालिका, परवा तिसऱ्यांदा संपवली. पहिली खेप हॉस्टेलवर झाली होती, कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा तिसऱ्या सीझनचा दहावा भाग, ‘फ्लाय’, आम्ही चौघांनी शिव्या घालत पाहिला होता. पाऊण तास दोन माणसं एका तळघरात माशी मारतायत. गोळीबार नाही, पाठलाग नाही. आमच्यातला एक जण मध्येच मेसला जेवून आला आणि दारातूनच विचारलं, ‘मेली का?’

या खेपेला बायको सोबत होती, तिची पहिलीच वेळ. भाग संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘हा सांगून टाकणार होता ना रे? झोप आली नसती तर सांगितलंच असतं याने.’ तेवढ्यावरून आमचं रात्री एक वाजेपर्यंत चाललं. म्हणून हा धागा.

उजळणी करतो. मास्तर वॉल्टला झोप लागत नाहीये. हिशोब जुळत नाहीये. माल ०.१४ टक्क्यांनी कमी भरतोय आणि का ते कळत नाहीये. तेवढ्यात प्रयोगशाळेत माशी दिसते. हा बूट फेकून मारतो, दिवा फोडतो, कठड्यावर चढून खाली आपटतो. सकाळी त्याचा जोडीदार जेसी येतो तर हा म्हणतो, माशी मेल्याशिवाय काम सुरू होणार नाही, सगळं दूषित झालंय. जेसीला आधी वाटतं याला काहीतरी झालंय. मग तो कॉफीत झोपेच्या गोळ्या घालतो. आणि गोळ्या चढता चढता वॉल्ट बोलायला लागतो.

तो काय बोलतो ते बघा. म्हणतो, मी जरा जास्तच जगलो, मरायची नेमकी वेळ हुकली. ती वेळ कोणती हे शोधताना तो एका रात्रीपाशी येऊन थांबतो. टीव्हीवर हत्तींबद्दल काहीतरी चालू होतं, बेबी मॉनिटरवर बायको स्कायलर तान्ह्या हॉलीला अंगाई म्हणत होती. तिथेच संपायला हवं होतं, त्यानंतर घराबाहेर पडायलाच नको होतं. आपल्याला माहीत आहे ती रात्र कोणती. जेसीला माहीत नाही. त्याच रात्री वॉल्ट जेसीच्या घरी गेला होता आणि जेसीची मैत्रीण जेन नशेत ओकारी घशात अडकून गुदमरत असताना पलंगाशी उभा राहून बघत होता.

पुढे जेसी शिडीवर माशीच्या मागे आहे, वॉल्ट खाली शिडी धरून पेंगतोय आणि पुटपुटतो, जेनबद्दल मला वाईट वाटतं. जेसी उलट त्यालाच समजावतो की यात कुणाचाच दोष नव्हता. मला तर तिथे पोटात कालवलं.

आपल्याकडे काम कुठे बिघडलं ते विचारायचं असलं की म्हणतात, माशी कुठे शिंकली. इथे हिशोबात जी माशी शिंकली तिचं नाव जेसी आहे, तो माल बाजूला काढतोय. म्हणजे त्या बंद खोलीत चोर दोन. एकाने माल लपवलाय, दुसऱ्याने एक मरण. आणि दोघं मिळून एका किड्याच्या मागे धावतायत.

माझं म्हणणं एवढंच की या मालिकेत वॉल्टची टोचणी कधीच त्याच्या तोंडून सरळ बाहेर येत नाही. ती दरवेळी एखाद्या वस्तूत जाऊन बसते. माशी, अस्वलाचा डोळा, ज्यात तो नोटा जाळायला जातो ती तव्यासारखी तापलेली शेगडी. तुम्हाला काय वाटतं?

सुपारी

शेवटी कुणीतरी या भागाची बाजू घेतली! यातला विनोद फक्त मराठी माणसालाच कळेल. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि त्याच्याच नशिबी माशी.

सुरुवात आठवते का? पडदाभर माशीचे पाय, पंख, डोळे, आणि मागे स्कायलरची अंगाई. पहिल्यांदा पाहताना कळतच नाही की ही अंगाई का. अर्ध्या तासाने वॉल्ट त्या रात्रीचं बोलतो तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो. म्हणजे माशी कोण ते पहिल्या मिनिटालाच सांगून टाकलंय.

दुसऱ्या_सीझनवर_अडकलेली

अरे!!! जेन मरते??

सुपारी

ताई, पहिली ओळ वाचा ना.

तिरकस

कौतुक सोहळ्यात विघ्न आणल्याबद्दल क्षमस्व.

‘फ्लाय’ हा बाटलीबंद भाग आहे. पैसे संपत आले होते, नवीन ठिकाणी चित्रीकरण परवडत नव्हतं, म्हणून हाताशी असलेला एक सेट आणि दोन नट यांच्यात उरकला. हे मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन यानेच सांगितलेलं आहे. पैसे नव्हते म्हणून माशी आली. त्यात आता आपण वेदान्त शोधतोय.

दुसरं, वॉल्टला टोचणी वगैरे काही नाही. त्याचं दुःख काय, तर ‘मी’ योग्य वेळी मेलो नाही. ‘माझी’ गोष्ट नीट संपली नाही. मुलगी मेली त्याचं नाही, आपली कथा बिघडली त्याचं. याला पश्चात्ताप म्हणत असाल तर आमच्या सोसायटीचे चेअरमनही संत आहेत.

काजवा

> पैसे नव्हते म्हणून माशी आली

अडला हरी गाढवाचे पाय धरतो हे मान्य. पण पाय धरल्यावर हरी तिथे काय करतो तेही बघायला हवं ना? दिग्दर्शक रायन जॉन्सनकडे एक खोली, दोन माणसं आणि एक किडा होता. त्याने त्या खोलीचं कबुलीजबाबाचं खोपटं केलं. हाच माणूस पुढे पाचव्या सीझनमधला ‘ओझिमँडियस’ हा भाग दिग्दर्शित करतो. मोइरा वॉली-बेकेट दोन्हीकडे लेखिका आहे, ‘फ्लाय’मध्ये सॅम कॅटलिनबरोबर आणि ‘ओझिमँडियस’मध्ये एकटी. तो धागा मी मुद्दाम नंतरसाठी ठेवलाय.

चेअरमनबद्दल नो कॉमेंट्स, आमचेही वाचतात इथे.

कुरकुंभकर

मी औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात बॅच बघतो, त्यामुळे हा भाग आम्ही शिफ्टमधल्या पोरांनी वेगळ्याच कारणाने डोक्यावर घेतला होता.

०.१४ टक्के ऐकून आम्ही हसलो होतो. आठवड्याला २०० पौंड हा धंद्याचा मालक गस याच्याशी ठरलेला आकडा. त्याचे ०.१४ टक्के म्हणजे साधारण १२७ ग्रॅम. भांड्याला चिकटलेलं, फिल्टरवर राहिलेलं, हातातून सांडलेलं असं एवढं कुठेही जातं. आमच्याकडे एवढ्या फरकाला कुणी मान वर करून बघणार नाही. माशीने माल बिघडेल का? एक माशी आली म्हणून शुद्धता ढासळेल असं काही नसतं. तरीही आमच्याकडे माशी दिसली तर क्यूए (गुणवत्ता बघणारं खातं) बोंब मारतं, कारण माशी आत आली म्हणजे कुठेतरी दार, फिल्टर किंवा हवेचा दाब चुकलाय. माशी महत्त्वाची नसते, ती आली कुठून ते महत्त्वाचं असतं.

हे लिहिता लिहिता लक्षात आलं की वॉल्ट या प्रश्नापाशी फारसा थांबत नाही. आख्ख्या भागात तो माशी मारायचं बघतो. कुठून आली याच्या मागे फारसा लागत नाही. एवढा काटेकोर माणूस, आणि त्याच्या डोक्यात भोकापेक्षा माशीच जास्त.

सुपारी

कुरकुंभकर, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावते.

मोरपीस

मला तो पिवळा पोशाख, हातमोजे आणि ‘काही शिवू नकोस’ हे पाहून आमची आजी आठवते. सोवळ्यात असली की आम्हा पोरांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबवायची. चुकून फ्रॉक लागला तरी पुन्हा आंघोळ. तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, जिवाला जीव देणारी बाई होती. पण शेजारच्या बाईंशी तिचं काय बिनसलं होतं ते तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आणि त्या बाईंचा विषय निघाला की आजी ओटा धुवायला घ्यायची. स्वच्छ ओटा पुन्हा धुवायची.

वॉल्टचं हे सोवळंच आहे. जिथे डाग पडलाय तिथे हात पोचत नाही, मग जिथे पोचतो ते घासत बसायचं.

अजून एक. ज्या भागात जेन मरते त्या ‘फीनिक्स’मध्ये आधी एक छोटासा प्रसंग आहे. वॉल्ट हॉलीला पाळण्यात कुशीवर ठेवतो आणि मागे टेकू देतो, दूध उलटून आलं तर घशात जाऊ नये म्हणून. नव्या बापाला असतं तसं ते प्रेम. त्याच रात्री तो जेसीला उठवायला गदागदा हलवतो आणि त्या धक्क्याने जेन कुशीवरून उताणी होते. म्हणजे काय करायला हवं हे त्याला त्या दिवशी हातांनाही ठाऊक होतं. मी आई झाल्यावर हे दुसऱ्यांदा पाहिलं. पुढचा भाग लावायला चार दिवस गेले.

पुढची_तारीख

वकिलाला राहवत नाही म्हणून.

मोरपीस यांनी जो धक्का सांगितला तोच कळीचा मुद्दा आहे. नुसतं बघत राहणं हा बहुतेक वेळा गुन्हा ठरत नाही. आपल्या जुन्या दंड संहितेच्या कलम ३२ नुसार ‘कृत्य’ म्हणताना बेकायदा अकृतीही त्यात धरली जाते, पण ती बेकायदा ठरायला वाचवण्याचं कायदेशीर कर्तव्य असावं लागतं. बाप मुलाला उपाशी ठेवतो तिथे ते आहे. वाटेवरच्या परक्या माणसाला ते नाही. वॉल्ट जेनचा कुणी लागत नाही. पण धोका त्याच्याच हातून निर्माण झालाय, आणि यावर दोन्ही बाजूंनी तासभर भांडता येईल.

गंमत अशी की लेखकांच्या आधीच्या आराखड्यात वॉल्ट स्वतःच जेनला जादा डोस टोचणार होता. नंतर ते सौम्य करून ‘नुसता उभा राहतो’ असं केलं. तो मूळचा प्रसंग राहिला असता तर सरळ खून झाला असता. आणि मग ही माशी आलीच नसती, असं मला वाटतं. खून केलेल्या माणसाला आपण काय केलं ते पक्कं माहीत असतं. काहीच न केलेल्या माणसाला रात्रभर हिशोब मांडत बसावं लागतं.

तिरकस

वकीलसाहेब, छान. पण हा हिशोब तो मांडतो कुठे? तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात शाळेच्या सभेत त्याने काय दिवे लावले ते विसरलात वाटतं.

काजवा

नाही विसरलो, उलट त्यासाठीच तर धागा काढला.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: जेनचा बाप डॉनल्ड हवाई वाहतूक नियंत्रक असतो. मुलीच्या दुःखात कामावर परत येतो, हातून चूक होते आणि अल्बुकर्कीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळतात. १६७ माणसं जातात. वॉल्टच्या घराच्या पोहण्याच्या तलावात एक अर्धवट जळालेलं गुलाबी अस्वल येऊन पडतं. दुसऱ्या सीझनभर आपण ते अस्वल पाहत आलेलो असतो, सगळं कृष्णधवल आणि एकटं ते गुलाबी. ज्या चार भागांच्या सुरुवातीला ते दिसतं त्यांची नावं ओळीने वाचा: ‘सेव्हन थर्टी-सेव्हन’, ‘डाउन’, ‘ओव्हर’, ‘एबीक्यू’. ७३७, अल्बुकर्कीवर कोसळलं. सांगून सवरून केलेलं काम आहे.

आणि मग शाळेची ती सभा. मुलं रडतायत, आणि वॉल्ट माइक घेऊन सांगतो की तसं पाहिलं तर हा जगातला पन्नासाव्या क्रमांकाचा अपघात आहे. विमानं भरलेली नव्हती. १९७७ साली टेनेरिफला ५८३ माणसं गेली, आज कुणाला आठवतंय? माइक काढून घ्यावा लागतो त्याच्या हातून.

तिरकस, तुम्ही याला निगरगट्टपणा म्हणाल. मला तो हिशोबाच्या वहीआड लपलेला माणूस दिसतो. ज्याचा काही संबंध नाही तो म्हणतो ‘वाईट झालं’ आणि खाली बसतो. अपघाताचा क्रमांक कितवा, हे कोण शोधून ठेवतं? खाई त्याला खवखवे.

तिरकस

हा बाण बसला. अर्धा.

दुसऱ्या_सीझनवर_अडकलेली

विमान पण पडतं का?! बरं. आता वाचतेच सगळं, गेलं ते गेलं.

अटकेपार

न्यू मेक्सिकोत राहून अकरा वर्षं झाली, म्हणून थोडी भर. मालिकेत वॉल्टचं म्हणून दाखवलेलं घर खरंच एका कुटुंबाचं आहे. वॉल्ट छपरावर पिझ्झा फेकतो तो प्रसंग गाजल्यावर लोक खरोखर येऊन छपरावर पिझ्झे फेकायला लागले. गिलिगनने जाहीर विनंती केली, शेवटी घरमालकांनी लोखंडी कुंपण घातलं. अल्बुकर्कीच्या जुन्या गावात निळ्या खडीसाखरेच्या पुड्या मिळतात. २०२२ पासून शहराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये वॉल्ट आणि जेसीचे ब्राँझचे पुतळेही आहेत. भारतातून पाहुणे आले की मला हा मार्गदर्शक दौरा करावाच लागतो.

पण मुद्द्याचं सांगायचं तर सांता फेचं, चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ हिचं संग्रहालय. ‘फ्लाय’च्या लगेच पुढचा भाग ‘अबिक्यू’, त्याची सुरुवात जुन्या दिवसांतल्या जेसी आणि जेनने होते. ते दोघं तिथे दाराचं एक चित्र पाहून बाहेर आलेत. ओ’कीफने अबिक्यू गावच्या आपल्या घरातलं ते दार पुन्हा पुन्हा रंगवलं होतं. जेसी विचारतो, एकच दार परत परत कशाला काढायचं? जेनकडे उत्तर आहे, दरवेळी ते वेगळं असतं. मग ती गाडीत सिगारेट विझवते आणि थोटकावर तिची लिपस्टिक राहते. जेसी ते थोटूक गाडीतच जपून ठेवतो.

सलग दोन भाग. एकात वॉल्ट पुन्हा पुन्हा माशीच्या मागे, दुसऱ्यात पुन्हा पुन्हा काढलेलं दार. एकाला ती रात्र विसरायची आहे, दुसऱ्याला ती मुलगी विसरायची नाही. मी ते चित्र पाहायला गेले तेव्हा हे डोक्यात होतं आणि मी त्या चित्रासमोर नको इतका वेळ उभी होते. शेवटी रक्षकाने विचारलं, सगळं ठीक आहे ना.

आडोसा

वॉल्टच्या शेजारी जेसीला ठेवून पाहिलं की तिरकस आणि काजवा दोघांचं भांडण मिटतं असं मला वाटतं.

जेसीने गेलला, गसच्या दुसऱ्या केमिस्टला, मारलं. त्यानंतर तो घरात दिवसरात्र पार्ट्या घालतो, कारण एकटं राहवत नाही. चौथ्या सीझनच्या ‘प्रॉब्लेम डॉग’मध्ये तो व्यसनमुक्तीच्या गटात जाऊन सांगतो की त्याने एका कुत्र्याला मारलं. कुत्रा म्हणजे गेल. इथेही सरळ कबुली नाही, ती वस्तूआडच आहे. पण गटाचा प्रमुख त्याला स्वतःला माफ करायला सांगतो तेव्हा तो चवताळतो. माणसाने काहीही करावं आणि काहीच होऊ नये, तर मग कशालाच अर्थ काय? त्याला शिक्षा हवी आहे. तीच कुणी देत नाही.

याच्या शेजारी पाचव्या सीझनचा तो प्रसंग ठेवा. आगगाडी लुटल्यावर त्यांचा साथीदार टॉड एका लहान पोराला गोळी घालतो, का तर पोराने पाहिलं. पोराच्या हातात बरणी, बरणीत कोळी. पुढच्या भागात जेसी बातम्या बघून कोसळतो. वॉल्ट त्याला सांगतो की मलाही झोप नाही. जेसी पाठ फिरवतो आणि दोन मिनिटांत मागून शीळ ऐकू येते. वॉल्ट शीळ वाजवत काम करतोय.

म्हणजे तिसऱ्या सीझनमध्ये ज्याला एका मुलीपायी झोप येत नव्हती तो पाचव्यात पोर मेल्यावर थोड्याच दिवसांत शीळ घालतो. काजवा म्हणतो तशी टोचणी होती. तिरकस म्हणतो तशी ती राहिली नाही. माझ्या मते ‘फ्लाय’ हा तिचा शेवटचा दिवस.

भाकरतुकडा

शब्दांवरून एक शंका. याला कुणी ‘अपराधगंड’ म्हणेल, पण तो मला इथे पटत नाही, दवाखान्यातला शब्द वाटतो. आपल्याकडे याला किती छटा आहेत! करायचं राहून गेलं त्याची रुखरुख. केलं त्याचा पश्चात्ताप. आत रुतून बसलेला तो सल. आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, ते चोराच्या मनातलं चांदणं.

वॉल्टला पश्चात्ताप नाही यावर मी तिरकसच्या बाजूने. पण सल आहे. सल काढायचा तर कातडी फाडावी लागते, म्हणून माणूस वर हळद लावत राहतो.

आणि चांदणं तर अक्षरशः आहे. भागाचा शेवट पाहा. माशी मेली आहे, जेसीने मारली. वॉल्ट घरी अंधारात पडलाय. पुन्हा गुणगुण. वर पाहतो तर छतावरच्या धूरसूचकाचा लाल दिवा लुकलुकतोय आणि त्यावर माशी बसलीय.

तिरकस

छान लिहिलंत, पण माझा मूळ मुद्दा कुणी हात लावला नाही म्हणून परत मांडतो.

चौथ्या सीझनमधलं ते जेवण. वॉल्टचा साडू हँक ड्रगविरोधी खात्यात अधिकारी आहे, त्याने गेलला सूत्रधार समजून प्रकरण जवळपास मिटवलंय. वॉल्टने फक्त गप्प बसायचंय. आणि हा बहाद्दर दोन ग्लास वाइन पोटात गेल्यावर सांगतो की हा गेल काही फार हुशार नव्हता, त्याने दुसऱ्याचं उतरवून घेतलं असावं. स्वतःच्या हाताने फाइल उघडून दिली. याला टोचणी म्हणायचं? त्याच्या शुद्धतेचं श्रेय दुसऱ्याला जातंय हे सहन झालं नाही, बस. गेलने भेट दिलेलं ते कवितांचं पुस्तकही त्याने संडासात ठेवलं. हँकच्या हाती पडलं ते तिथेच. हा बेफिकिरीचा माज आहे.

पुढची_तारीख

किंवा पकडलं जायची इच्छा. माझ्याकडे येणाऱ्या अशिलांपैकी काहींना मी कितीदा सांगितलंय की तुम्ही कोर्टात फक्त विचारलं तेवढंच बोला. न विचारलेलं बोलणारे दोनच प्रकारचे असतात. एक ज्यांना आपण फार हुशार वाटतो, आणि दुसरे ज्यांना आता दमायला झालंय. कधीकधी दोघं एकाच कातडीत असतात.

मोरपीस

मला वॉल्टच्या, मारलेल्या माणसांकडून उचललेल्या, सवयी फार भयानक वाटतात. पहिल्या सीझनमध्ये तो तळघरात कोंडलेल्या क्रेझी-८ या ड्रग विक्रेत्याला सँडविच करून देतो, ब्रेडच्या कडा कापून, कारण त्याला कडा आवडत नाहीत. मग त्याला मारतो. नंतर वॉल्ट स्वतः कडा कापून खायला लागतो. गसचा हस्तक माइक, त्याच्यासारखा बर्फ घालून प्यायला लागतो. गससारखी टॉवेलची घडी गुडघ्याखाली घेऊन उलटी करतो. बारकाईने बघणाऱ्यांनी हे सगळं केव्हाच शोधून काढलंय.

जेनचं मात्र त्याने काहीच उचललं नाही. मी खूप शोधलं. तिचं त्याच्याकडे उरतं ते फक्त तलावाच्या जाळीत सापडलेला अस्वलाचा एक डोळा.

काजवा

आता ‘ओझिमँडियस’. आडोसा म्हणाला की ‘फ्लाय’ हा टोचणीचा शेवटचा दिवस. मी म्हणेन की ती मेली नाही, तिचं हत्यार झालं.

वाळवंट. हँक मेलाय. जेसीला टॉडच्या टोळीतली माणसं घेऊन चाललीत. त्या क्षणी वॉल्ट त्याला थांबवून सांगतो, मी जेनला मरताना पाहिलं. मी तिथे होतो. वाचवू शकलो असतो, वाचवलं नाही. जे वाक्य शिडीखाली घशात अडकलं होतं ते पुरं बाहेर येतं, आणि येतं ते फक्त जेसीला अजून एकदा मारण्यासाठी.

दोन्ही प्रसंग पाठोपाठ लावून पाहा. माफी मागितली तेव्हा गुन्हा सांगितला नाही. गुन्हा सांगितला तेव्हा माफी मागितली नाही. मधल्या बावीस-तेवीस तासांच्या कथेत हीच दोन वाक्यं त्याला एकत्र आणता आली नाहीत.

आणि ‘फ्लाय’च्या शेवटी वॉल्ट जेसीला चोरीबद्दल आडून सुचवतो, त्यांना कळलं तर मी तुला वाचवू शकणार नाही. जेसी विचारतो, तुला सांगितलंय कुणी वाचवायला? जेसीला ठाऊक नाही की हा माणूस वाचवत नाही म्हणजे काय करतो.

अटकेपार

वॉल्ट झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टनने सांगितलंय की जेनच्या मृत्यूचा प्रसंग करताना क्षणभर त्याला जेन झालेल्या क्रिस्टन रिटरच्या जागी स्वतःची मुलगी दिसली आणि त्याला रडू कोसळलं. वॉल्ट आधी पुढे धावतो, मग थांबतो, मग तोंडावर हात. तो चेहरा पाहून मी तिरकस यांच्याशी शंभर टक्के कधीच सहमत होऊ शकत नाही.

तिरकस

ठीक आहे. ‘टोचणी नव्हतीच’ हे वाक्य मागे घेतो. ‘होती, पण ती त्याने स्वतःसाठीच वापरली’ असं करतो. शेवटच्या भागात तो स्कायलरला सांगतो ना, मी हे माझ्यासाठी केलं, मला आवडलं, त्यात मला गती होती. तेवढ्या एका कबुलीवर मी त्याला सोडतो. मात्र ती स्कायलरपुढची कबुली आहे. जेनचं नाव तिथेही नाही.

आणि पैसे संपले म्हणून माशी आली हे मी मागे घेत नाही.

कुरकुंभकर

रात्रपाळीवरून लिहितोय. हा धागा वाचून पोरांना ‘फ्लाय’ची आठवण करून दिली. आमच्यातला एक नवीन मुलगा म्हणाला, ‘सर, परवाच्या बॅचचं वजन मीच चुकीचं लिहिलं होतं.’ कुणी विचारलंही नव्हतं. रजिस्टर काढून दुरुस्त करून घेतलं, दोघांच्या सह्या केल्या.

सुपारी

माशी होती का पण आसपास?

कुरकुंभकर

डास होते.

दुसऱ्या_सीझनवर_अडकलेली

सगळा धागा वाचला. आता सीझन दोन पुढे बघू की सरळ ‘फ्लाय’ लावू?

मोरपीस

दोनच बघ. आणि ‘फीनिक्स’मध्ये हॉलीच्या पाळण्याचा प्रसंग येईल तेव्हा मोबाइल बाजूला ठेव.